साहेबाला ऐकू येतं ते

कुत्र्याचं नाव साहेब. ठेवलं भाऊनंच. दिवसभर काम काडीचं करायचा नाही आणि जेवायच्या वेळेला बरोबर हजर, म्हणून साहेब. वर्कशॉपच्या दारात आडवा पडून असायचा. गिऱ्हाईक आलं की आम्ही सांगायचो, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, ओलांडून या." आणि माणसं ओलांडून यायची. शेपटीवर पाय पडला तरी तो नुसता एक डोळा उघडायचा आणि परत मीटिंगमध्ये जायचा.

हा कुत्रा माझ्या भाचीला चावला.

भाची म्हणजे भाऊची पोर, भिंगरी. तिच्या कोपराखाली दातांची कमान उमटली होती आणि आतलं मांस दिसत होतं. वहिनीनं तिला उचललं आणि डॉक्टरकडे पळाली. भाऊनं कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलली. शटर खाली ओढायची सळई, टोकाला आकडा असलेली. तो आतल्या खोलीकडे निघाला, साहेब तिथं बांधलेला होता. मी माझ्या टेबलावरून उठले आणि दार अडवून उभी राहिले.

"ठिणगे, बाजूला हो."

मी शाळा सोडल्यापासून सोल्डरिंग करते आणि तोंडानं कडक आहे, म्हणून घरात मला ठिणगी म्हणतात.

"आधी झालं काय ते बघू दे," मी म्हणाले.

"काय बघायचंय? पोरीचा हात बघितला नाहीस? पिसाळलाय तो."

"पिसाळलेला नाही. इंजेक्शनं झालीत त्याची. मीच नेलं होतं."

"मग माजलाय. माजलेल्यावर एकच औषध."

माझ्या भावाकडे सगळ्यावर ते एकच औषध आहे. यंत्र अडलं की थापट, बायको बोलली की थापट. यंत्र कधीकधी सुरू तरी होतं.

त्यानं मला खांद्यानं ढकललं. मी हलले नाही. मग त्यानं सळई माझ्या अंगावर नव्हे, चौकटीवर मारली, मला भेदरवायला. पण माझा डावा हात चौकटीवर होता. दोन बोटं मोडल्याचा आवाज आला. काडी मोडावी तसला साधा आवाज, त्यात काही विशेष नव्हतं. माझ्या उजव्या हातात सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न होतं, मी टेबलावरून उठताना ते ठेवायचं विसरले होते. ते मी त्याच्या मनगटाच्या वर टेकवलं आणि टेकवूनच धरलं. चामडं जळाल्याचा वास आला. सळई खाली पडली. भाऊ ओरडला नाही, त्यानं दात खाल्ले. आमच्या घरात ओरडायचं काम बायकांनी करायचं असा रिवाज आहे आणि तेही दार लावून.

तो नळाखाली हात धरून उभा राहिला आणि मी दारातच खाली बसले, मांडीत हात घेऊन. माझ्या पाठीमागे, दाराच्या पलीकडे, साहेब होता. आणि दाराच्या पलीकडचा काहीच आवाज येत नव्हता, कारण ती आमची ऐकायची खोली.

आता आमचा धंदा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही कन्व्हर्टर बनवतो. फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये गाणं असतं असं लोक म्हणतात. गाणंबिणं काही नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा परत आवाज करणारा डबा म्हणजे कन्व्हर्टर. पण आकडे म्हणजे पायऱ्या. खरा आवाज डोंगराच्या उतारासारखा घसरत जातो, आकड्यांतून निघतो तो जिन्यासारखा, प्रत्येक पायरीला धारदार कड. त्या कडांतून दुसराच एक आवाज निघतो. मूळ गाण्यात तो नसतोच. गाणं जिथं संपतं त्याच्या वरच्या बाजूला, आरशात बघावं तसा उलटा, गाण्याचा भूतभाऊ. माणसाच्या कानाला तो लागत नाही, फार बारीक असतो. म्हणून डब्याच्या शेवटी, आवाज बाहेर पडायच्या वाटेवर, फिल्टर बसवतात. थोड्या तारेच्या कॉइल, थोडे कपॅसिटर. खालचं बाहेर जाऊ देतात, वरचं दारातच अडवतात. हा फिल्टर आमच्याकडे मी करते. कॉइल मी गुंडाळते, कपॅसिटर मोजून मी जोड्या लावते. माझा फिल्टर बाजारात कुणाला जमत नाही असं मी तोंडावर सांगते. माज आहे मला. असू दे.

मध्यंतरी एक नवीनच फॅशन निघाली. शुद्ध आवाज. बिनफिल्टरचा. गिऱ्हाइकं येऊन विचारायला लागली, आणि भाऊला तर गिऱ्हाइकानं विष मागितलं तरी तो 'किती देऊ' विचारेल.

"तुझ्या फिल्टरनं आवाजाचा जीव गुदमरतो," तो मला म्हणाला.

"हे तुला कधीपासून ऐकू यायला लागलं?"

"पहिल्यापासून. बोललो नाही इतकंच."

"बिनफिल्टरचं वरचं सगळं बाहेर येईल."

"येऊ दे. जे कुणाला ऐकूच येत नाही त्याला अडवायला दारात माणूस कशाला बसवायचा?"

आणि नवीन मालात त्यानं माझा फिल्टर काढून त्याजागी तारेचा तुकडा लावला. तारेचा तुकडा. माझ्या जागेवर. मी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि पुढच्या खोलीत दुरुस्तीचं काम घेऊन बसले. त्याला पाहिजे ते करू दे, तोंडावर आपटला की येईल, असं मला वाटत होतं. आपटली ती त्याची पोर.

ऐकायची खोली म्हणजे मागची खोली. भिंतींवर बोटभर जाड फोम, छतालाही फोम, दाराला रबराची कड, दारात दुहेरी काच. समोर दोन मोठे स्पीकर. बारीक आवाजाचा जो छोटा पडदा असतो, ट्वीटर, तो ह्या स्पीकरांचा धातूचा आहे, चकचकीत. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं आणि कोपऱ्यातल्या कापडी पडद्याआड उभं राहून एक डबा, मग दुसरा डबा, असं बटण फिरवून ऐकवायचं. बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. भाऊ वहिनीला मारायचा तो ह्याच खोलीत. मी मध्ये पडायचे तेव्हा दोन मलाही बसायच्या. काचेतून दिसायचं सगळं, ऐकू काही यायचं नाही. शेजारी म्हणायचे, किती शांत कुटुंब.

त्या दिवशी माल न्यायला गाडी यायची होती. साहेब दारात आडवा, खोकी बाहेर काढायला अडचण, म्हणून भाऊनं त्याला ऐकायच्या खोलीत स्पीकरच्या पायाला आखूड साखळीनं बांधला होता. आणि आत नवीन डबा सकाळपासून चालू होता, गरम व्हायला. ड्रम आणि झांजांचं एक रेकॉर्डिंग, पुन्हा पुन्हा तेच. आवाज बेताचा. माणसाच्या हिशोबानं बेताचा.

वहिनी भिंगरीला घेऊन परत आली. पोरीच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पांढरं बँडेज. डॉक्टरनं टाके घातले होते. वहिनीनं माझ्या हाताकडे बघितलं, मग नळाखालच्या नवऱ्याच्या हाताकडे, मग जमिनीवरच्या सळईकडे. काही विचारलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी बघून कळतात.

"मेला का?" तिनं विचारलं.

"अजून नाही," भाऊ म्हणाला. "तुझी नणंद वकील झालीय त्याची."

"वन्सं, सरका," वहिनी म्हणाली. "माझ्या पोरीचा हात फाडलाय त्यानं. मी स्वतः मारते त्याला."

ती बोलली तसं तिनं केलंही असतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. इतकी वर्षं मार खाल्लेली बाई, पण मारायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि समोर कुत्रा होता. कुत्र्याला मारलं तर कोण विचारतं.

तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "आत्या, साहेब रडत होता."

"काय करत होता?"

"रडत होता आणि डोकं भिंतीवर घासत होता. पंजानं कान ओरबाडत होता. मी त्याचे कान झाकायला गेले. मग चावला."

मी उठले. हाताची कळ मस्तकात गेली, पण मी उठले आणि दार उघडून आत गेले. साहेब आखूड साखळीनं स्पीकरला चिकटून होता, तोंडाला फेस, एका कानातून रक्त, नखांत केस. मला बघून त्यानं दात काढले. ह्या कुत्र्यानं माझ्यावर कधी दात काढले नव्हते. मी त्याच्याजवळ गेले नाही. मी पडद्याआड जाऊन डबा बंद केला.

साहेब जागच्या जागी बसला. थरथरत होता, पण बसला. मग आडवा झाला.

मी पुन्हा डबा चालू केला. तो साप चावल्यासारखा उठला. बंद केला. आडवा झाला.

"बघितलंस?" मी भाऊला म्हणाले.

तो दारात हात फडक्यात गुंडाळून उभा होता. "काय बघायचंय?"

"कुत्र्याला ऐकू येतं ते. फिल्टर काढलास ना, ते वरचं सगळं बाहेर पडतंय. त्यात ट्वीटर धातूचा, तो बरोबर त्याच जागेवर स्वतःच किंचाळतो. आपल्याला झांजा ऐकू येतात, त्याच्या कानात सुया जातायत. सकाळपासून."

"माल मीटरवर मोजूनच बाहेर जातो," भाऊ म्हणाला. "मीटर स्वच्छ दाखवतं. चल, दाखवतो."

मीटरचं पण सांगते. आमचं आवाज मोजायचं मीटर जुनं आहे, त्यावर एक बटण आहे. ते दाबलं की मीटर फक्त माणसाला ऐकू येतं तेवढंच मोजतं, वरचं सोडून देतं. भाऊनं ते बटण आत दाबून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती, सारखं सारखं दाबायला नको म्हणून. माझ्या फिल्टरच्या डब्यांना बटण दाबा नाहीतर सोडा, काटा तिथंच राहायचा. त्यामुळे त्या पट्टीकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. धूळ बसून ती मीटरच्याच रंगाची झाली होती.

भाऊनं नवीन डबा मीटरला जोडला. काटा तळाला. "बघ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चावला कुत्रा, आणि फाशी माझ्या मालाला."

मी नखानं पट्टी सोलली आणि बटण सोडलं.

काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला. टक असा आवाज झाला. वहिनीनंही ऐकला.

"आपल्या मीटरनंच कानात बोळे घातले होते," मी म्हणाले.

भाऊ थोडा वेळ काट्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता निवळेल. आशा म्हणजे फार निर्लज्ज गोष्ट आहे.

"बटण तू सोडलंस," तो म्हणाला. "मीटर तू बिघडवलंस. तुझा फिल्टर काढला म्हणून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात, आणि तू कुत्र्याला पुढं करतेस. हा डबा शुद्ध आहे. मला फरक ऐकू येतो. डोळे मिटून सांगेन."

"सांग मग."

"काय?"

"डोळे मिटून सांग. वहिनी पडद्याआडून बटण फिरवेल. एका बाजूला माझा फिल्टरचा डबा, एका बाजूला तुझा. तू सांग कुठला शुद्ध. कुत्रा तुझ्या पाठीमागे असेल. तोही सांगेल. तू बरोबर आलास तर मी बाजूला होते, घाल सळई. तो बरोबर आला तर मी त्याला घेऊन जाते."

भाऊ हसला. "कुत्र्याशी शर्यत लावतेस माझी?"

"घाबरतोस?"

वहिनीनं मध्येच तोंड उघडलं. "अहो, करा ना. पोरीला कशानं चावलं ते मला कळू दे. कुत्र्यानं असेल तर कुत्र्याला मारा. डब्यानं असेल तर..." तिनं वाक्य तिथंच सोडलं.

भिंगरीला वर झोपवलं. औषधानं ती लगेच झोपली. मी साहेबाची साखळी काढली, वाजली असती म्हणून, आणि त्याला खोलीच्या मागच्या भिंतीतल्या कडीला दोरीनं बांधलं, लांब दोरीनं, स्पीकरपासून होईल तितका दूर. त्यानं माझा मोडका हात हुंगला. चाटला नाही, नुसता हुंगला, जाणत्या माणसासारखा. ह्याला परत त्या सुया टोचायच्या म्हणून मला माझीच किळस आली. पण त्याला जिवंत बाहेर काढायची दुसरी वाट मला दिसत नव्हती. सळई भाऊच्या मांडीवर होती आणि दार त्याच्या बाजूला.

भाऊ खुर्चीत बसला, तोंड स्पीकरकडे, पाठ कुत्र्याकडे. वहिनी पडद्याआड. मी भिंतीला टेकून.

झांजा सुरू झाल्या. साहेब पडून राहिला, हनुवटी जमिनीवर.

"शुद्ध," भाऊ म्हणाला. "बघ कसा मोकळा श्वास घेतोय आवाज."

"फिल्टरचा होता," पडद्यामागून वहिनी म्हणाली.

"असं? परत लाव."

बटण फिरलं. मला काहीएक फरक ऐकू आला नाही, खरं सांगते. तेच ड्रम, त्याच झांजा. साहेब उठला. कान मागे, शेपूट पोटाखाली, आणि डोकं भिंतीच्या फोमात खुपसायला लागला.

"हा फिल्टरचा," भाऊ म्हणाला. "कोंदट. माठात तोंड घालून गायल्यासारखा."

"हा बिनफिल्टरचा," वहिनी म्हणाली आणि न सांगताच बटण परत फिरवलं. साहेब खाली बसला.

पुन्हा केलं. पुन्हा केलं. एकदा भाऊ बरोबर आला, तेव्हा त्यानं मांडीवर थाप मारली. पुढच्या खेपेला परत चुकला. साहेब एकदाही चुकला नाही. वहिनीचा आवाज दर खेपेला सपाट होत गेला. 'फिल्टरचा होता.' 'बिनफिल्टरचा होता.' जणू रेशन वाटतेय. पडद्याच्या कडेतून तिचा चेहरा मला दिसत होता. ती भाऊकडे बघत नव्हती. कुत्र्याकडे बघत होती, मग आपल्या हाताकडे, मग परत कुत्र्याकडे.

"बस झालं," मी म्हणाले. "उठ. मी ह्याला नेते."

भाऊ उठला. मान लाल झाली होती. "तू खुणा करतेस त्याला. तुझं शिकवलेलं कुत्रं. नाचता येईना तर अंगण वाकडं नाही म्हणत मी, अंगणच वाकडं करून ठेवलंयस. बाहेर हो. तू बाहेर, मग शेवटची एकदा."

"भाऊ, शब्द दिलायस."

"बाहेर हो म्हणतो ना."

त्यानं मला दंडाला धरून बाहेर लोटलं. मोडका हात दारावर आपटला आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. मला दिसायला लागलं तोवर दार बंद होतं आणि आतून कडी होती.

काचेतून सगळं दिसत होतं. आवाज नाही. ऐकू येत होता तो फक्त माझाच श्वास.

भाऊ खुर्चीत बसला नाही. तो सरळ साहेबाकडे गेला. डबा फिल्टरचा चालू असावा, कारण साहेब शांत पडलेला होता. भाऊ जवळ आला तसं त्यानं शेपूट जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा. धन्याला बघून आपटतात तसं. भाऊनं दोन्ही हातांनी सळई उचलली.

मी काचेवर डोकं आपटलं, लाथा घातल्या. दुहेरी काच. मीच बसवून घेतली होती चांगली बघून.

सळई साहेबाच्या मागच्या पायावर बसली. त्याचं तोंड उघडलं, कुंई असं काहीतरी झालं असेल, मला नुसतं तोंड उघडलेलं दिसलं. आणि तो चावला नाही. मी बघितलंय. दोरी लांब होती, भाऊचा पाय त्याच्या तोंडाशी होता, आणि तो चावला नाही. तो पोटावर सरपटत भाऊच्या पायांशी गेला आणि तिथं मान खाली घालून पडला, चुकलं माकलं म्हणावं तसा. हे मी त्या खोलीत पूर्वीही बघितलेलं आहे. कुत्र्याला नव्हे.

भाऊनं सळई परत वर नेली, ह्या वेळी डोक्याच्या नेमानं.

वहिनी पडद्याआड होती, माझ्या बाजूनं पूर्ण दिसत होती. तिला घाई नव्हती. तिनं आधी आवाजाचं बटण धरलं आणि शेवटापर्यंत फिरवलं. खोलीच्या भिंतीतून पहिल्यांदा मला काहीतरी जाणवलं, छातीत धडधडावं तसं. मग तिनं दुसरं बटण फिरवलं.

साहेब जमिनीवरून निघाला तो थेट भाऊच्या हातावर गेला. सळई कुठं गेली दिसलं नाही. भाऊ पाठीवर पडला, कुत्रा त्याच्या छातीवर, आणि हात कुत्र्याच्या तोंडात मनगटापर्यंत. कुत्रा मान झटकत होता. फडकं झटकावं तसा हात झटकला जात होता. फोमवर रक्ताची रेघ उडाली, मग अजून एक. भाऊचं तोंड उघडंच होतं. तो ओरडत होता. आयुष्यात पहिल्यांदा भाऊ ओरडत होता, आणि मला ऐकू येत नव्हतं.

मी वहिनीला ओरडून सांगत होते, बंद कर, बंद कर. काचेवर हात मारत होते, मोडका हातही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी दिसले तिला. तिनं मान फिरवून परत जमिनीकडे बघितलं आणि बटणावरचा हात तसाच ठेवला. कुत्र्यानं पकड बदलली, दंड धरला. भाऊचे पाय फरशीवर घासत होते. ती बघत होती. दूध उतू जायला आलंय का हे बघत उभं राहावं, तशी.

मग तिनं बटण परत फिरवलं.

साहेबानं तोंड सोडलं. जागच्या जागी उभा राहून त्यानं खोलीकडे असं बघितलं की जणू आत्ताच कुणी त्याला तिथं आणून ठेवलंय. मग लंगडत कोपऱ्यात गेला आणि आपला पाय चाटायला लागला.

वहिनीनं आवाज कमी केला, पूर्ण बंद केला नाही. चालत येऊन कडी काढली. दार उघडलं तसं आतून झांजांचा आवाज बाहेर आला, छान, कुरकुरीत, गिऱ्हाइकाला आवडतो तसा.

माल न्यायला आलेला गाडीवाला तोवर दारात आला होता. त्यानं एक नजर आत टाकली आणि खोक्यांचं नाव काढलं नाही. आम्ही तिघांनी भाऊला उचलून त्याच्या गाडीत घातलं. अंगठा कातड्यावर लोंबत होता. वहिनीनं टेबल पुसायचं फडकं त्याच्या दंडाला आवळून बांधलं, चांगलं घट्ट, सराईतपणे. भाऊ शुद्धीवर होता.

"हिनं केलं," तो गाडीवाल्याला सांगत होता. "हिनं बटण फिरवलं. हिला विचार."

"कसलं बटण?" गाडीवाल्यानं विचारलं.

"गाण्याचं," वहिनी म्हणाली. "आम्ही गाणं ऐकत होतो."

गाडीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे सगळे बघतात, मी खरं बोलते म्हणून माझी ख्याती आहे.

"गाणंच चालू होतं," मी म्हणाले. खोटं कुठं होतं ते?

गाडी गेली. वहिनी बरोबर गेली नाही. ती आत जाऊन पडद्याआड उभी राहिली. मी तिच्या मागे गेले. स्पीकरला अजून फिल्टरचाच डबा लागलेला होता, माझा. साहेब कोपऱ्यात झोपायच्या बेतात होता. तिचा हात बटणावर होता. धरलेला नव्हता, नुसता ठेवलेला. मूल झोपल्यावर त्याच्या पाठीवर ठेवतात तसा.

"वन्सं, ह्याला घेऊन जा," ती म्हणाली.

"नेतेच आहे. भाऊ परत आला की सोडायचा नाही त्याला."

"त्यांचं नाही म्हणत मी. ते आता कसली सळई उचलतायत." ती कुत्र्याकडे बघत होती. "मी म्हणून सांगते. हा इथं राहिला तर मी परत फिरवीन."

मी दोरी कापायला कात्री शोधायला लागले.

"पहिल्यांदा फिरवलं ते साहेबाला वाचवायला. खरंच. डोकं फुटलं असतं त्याचं." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "पण नंतर तुम्ही काचेवर हात मारत होता ना, तेव्हा तो वाचलेला होता. ह्यांच्या हातात काही नव्हतं. मला दिसत होतं. तरी मी थांबले नाही. मला बरं वाटत होतं, वन्सं. इतकं बरं मला ह्या घरात कधी वाटलं नाही."

"वहिनी, भाऊनं तुला..."

"मला माहितीय ह्यांनी मला काय केलं. पण साहेबाच्या कानात सुया मीच घातल्या. माझ्या पोरीला चावला तेव्हा त्याला जे होत होतं, तेच मी मुद्दाम केलं त्याला, आणि मोठ्यानं केलं." तिनं हात बटणावरून उचलला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला, पळून जाईल म्हणून धरावा तसा. "न्या त्याला. आत्ता. मी हात धरून उभी आहे तोवर."

मी कात्रीनं दोरी कापली, एका हातानं, वेळ लागला. साहेब उठेना. मागचा पाय टेकत नव्हता त्याला. मी गुडघ्यावर बसून त्याच्या पोटाखालून उजवा हात घातला आणि त्याला छातीशी उचलला. जड कुत्रा. त्याचं तोंड माझ्या गळ्याशी आलं, त्याच्या मिशांना भाऊचं रक्त होतं. माझ्या मागे वहिनी उभी होती आणि दोन्ही डबे चालू होते. दारापर्यंतची वाट मी तिच्याकडे पाठ करून चालले, कारण वळून बघितलं असतं तर माझा तिच्यावर विश्वास नाही हे तिला कळलं असतं. आणि नव्हताच.